बैतूलचं सांगायचं राहिलं

ही हकीकत खरी सांगायचं मी आठ वर्षं टाळलं. चुकीची मात्र शंभरदा सांगितली. कोजागिरीला सांगितली, लग्नाच्या पंगतीत सांगितली, सकाळी फिरून आल्यावर बागेतल्या बाकावर बसून सांगितली. उज्जैनच्या आमच्या माधव नगरच्या गल्लीत ती इतकी रुळली की तिच्यावरून एक बोलच पडला. कोणी अर्ध्यातून माघार घेतली की म्हणतात, 'इटारसी केली.' शेजारच्या शर्माजींच्या नातीनं कथकचा क्लास सोडला तेव्हा शर्माजी मला म्हणाले होते, "क्या बताऊँ नाना, लड़की ने इटारसी कर दी."

ज्यांच्यावरून हा बोल पडला त्या मंदाताई दाणी. आणि ज्यानं तो पाडला तो मी. माझं वय आता सत्त्याहत्तर आहे. टाळायला पुढे फारशी वर्षं उरलेली नाहीत.

मंदाताईंचं घर आमच्या गल्लीच्या तोंडाशी. स्टेशनला निघालेला माणूस शेवटी त्यांच्याच दारावरून जाणार. म्हणून आमच्या गल्लीतली सगळी प्रस्थानं त्यांच्याकडे ठेवली जात. आता ही चाल फारशी उरली नाही, म्हणून सांगतो. पंचांगात प्रवासाला दिवस चांगला आज, आणि गाडी मात्र परवाची. अशा वेळी आज एका पिशवीत सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ आणि अंगातला एखादा कपडा घालून गाठ मारायची आणि ती पिशवी वाटेवरच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायची. झालं, तुम्ही निघालात. मग दोन दिवस घरी खुशाल वरणभात खा, शास्त्राच्या हिशेबी तुम्ही प्रवासातच. फक्त पिशवी घरी परत आणायची नाही. ती तिथूनच उचलून पुढे जायचं.

मंदाताईंच्या पुढच्या खोलीत एक लाकडी बाक होता. त्यावर कुणाचं ना कुणाचं प्रस्थान असायचंच. कधीकधी तीन-तीन. त्या बाकाकडे बघून त्या म्हणायच्या, "आज माझ्या घरातून नाशिक, भोपाळ आणि अमेरिका निघाली आहेत."

त्या स्वतः कुठेच जात नसत. इंदूरसुद्धा नाही. मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या, लग्न केलं नव्हतं, आईचं शेवटपर्यंत केलं. आणि लोकांना प्रवासाच्या दशम्या करून द्यायच्या. कणीक दुधात भिजवलेली, तुपाचा हात, थोडा गूळ. केळीच्या पानात, वरून कागदात बांधून त्यावर आपल्या गोल अक्षरात लिहायच्या, 'दुसऱ्या दिवशी खाणे'. पहिल्या दिवशी खाल्ली तर ती नुसती पोळी, दुसऱ्या दिवशी मुरते तेव्हा दशमी, असं त्यांचं मत. प्रवासाहून परत आलेल्या माणसाला त्या देवाचं, देवळाचं, समुद्राचं काही विचारत नसत. एकच प्रश्न. "दुसऱ्या दिवशी कशी लागली?"

"छान!" माणूस म्हणायचा.

"छान म्हणजे काय? मऊ की वातड? कडेला कशी होती?"

माणूस गोंधळायचा. "छानच होती हो मंदाताई." मग त्या वैतागून आत निघून जायच्या.

माझी बायको सुधा त्यांची मैत्रीण. ती म्हणायची, "अगं मंदा, एकदा गाडीत बसून तूच खाऊन बघ ना." त्यावर मंदाताई पोटावर हात ठेवायच्या. हा हात म्हणजे त्यांचं उत्तर. प्रवासाचं नुसतं नाव काढलं तरी त्यांच्या पोटात गोळा यायचा. सहा वर्षांच्या असताना त्या सिंहस्थाच्या गर्दीत हरवल्या होत्या. हरवलेल्यांच्या तंबूत दिवसभर बसून होत्या आणि डोक्यावरच्या भोंग्यातून त्यांचं नाव वाजत होतं, फ्रॉकच्या रंगासकट. संध्याकाळी आई आली. तिनं आधी एक फटका दिला आणि मग पोटाशी धरलं. "तेव्हापासून," त्या हसत सांगायच्या, "गर्दी बघितली की मला वाटतं, आता माझं नाव वाजणार."

सुधा गेली त्याला वर्ष झालं होतं. एका सकाळी मंदाताई माझ्या दारात उभ्या. पायात पुरुषांचे पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात छत्री आणि एक गाठ मारलेली पिशवी.

"भाऊजी, हे माझं प्रस्थान. तुमच्याकडे ठेवते."

"कुठे निघालात?" मी चकित होऊन विचारलं.

"ते ठरायचंय. आधी निघते, मग ठरवते. सुधा सांगून सांगून गेली. आता मला दशमी दुसऱ्या दिवशी गाडीत कशी लागते ते बघायचंय. लोकांवर माझा भरवसा नाही." आणि मग जरा थांबून, "एकटीला नाही जमायचं. तुम्ही एवढे फिरलेले. बँकेच्या बदल्यांत अर्धा मध्यप्रदेश पाहिलात. चला माझ्याबरोबर."

आता इथूनच खरं सांगायला सुरुवात करतो. मी फिरलेला होतो हे खरं, पण प्रत्येक प्रवासात तिकिटं सुधाच्या पर्समध्ये असायची. कुठे उतरायचं ते तिला माहीत असे. हमालाशी बोलणं तिचं, डबा शोधणं तिचं. मी खिडकीत बसून वर्तमानपत्र वाचायचो आणि घरी आल्यावर प्रवासाच्या गोष्टी रंगवून सांगायचो. ती गेल्यापासून मी गावाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. माझा मुलगा शेखर बेंगळुरूला असतो, त्याला मी दर वेळी गुडघ्याचं कारण सांगत होतो. गुडघा ठणठणीत होता. पण समोर एक भित्री बाई उभी होती आणि मला अनुभवी म्हणत होती. मी म्हणालो, "हात्तिच्या! चला की."

त्यांनी सगळं स्वतःच आखलं, शिवणाच्या धड्यासारखं. आधी धावदोरा, मग टीप. पहिल्या दिवशी फक्त नानाखेड्याच्या बसस्टँडवर जायचं, चहा प्यायचा, परत यायचं. दुसऱ्या दिवशी इंदूरच्या बसमध्ये बसायचं आणि ती सुटायच्या आत उतरायचं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चौथ्या दिवशी कंडक्टरनं कमरेवर हात ठेवले.

"माताजी, ये बस है, बगीचा नहीं. रोज बैठ के उतर जाती हो."

"आदत डाल रही हूँ भैया."

"किसको?"

"पेट को," मंदाताई म्हणाल्या.

पाचव्या दिवशी त्यानं स्वतःच त्यांच्यासाठी खिडकीची जागा रुमाल टाकून धरली होती. बस निघाली तशा मंदाताईंनी डोळे घट्ट मिटले. गाव मागे पडलं, शेतं लागली.

"भाऊजी, सुटली का?"

"केव्हाच."

त्यांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. मग पोटावर इथे तिथे हात दाबून पाहिला, चष्मा कुठे ठेवला म्हणून आपण उशी-पांघरूण चाचपतो तसा. "अगंबाई," त्या म्हणाल्या, "कुठे गेला?"

त्या दिवशी आम्ही इंदूरला पोहे-जलेबी खाऊन परत आलो. मंदाताईंनी गल्लीत शिरताना बंद छत्री खांद्यावर तलवारीसारखी धरली होती. माझा शर्ट पाठीला चिकटला होता, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग त्यांनी नियम केला. प्रत्येक फेरीत एक परकी गोष्ट करायची. आपल्याला जिची लाज वाटते किंवा भीती वाटते अशी. देवासला त्यांनी ठरवलं, की अनोळखी माणसाला रस्ता विचारायचा. रस्ता माहीत असला तरी. टेकडीच्या थेट पायथ्याशी उभं राहून त्यांनी एका पेरूवाल्याला विचारलं, "भैया, माताजी की टेकरी किधर पड़ेगी?"

त्यानं टेकडीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "आपके पीछे है अम्मा. इत्ती बड़ी."

त्या इतक्या खूश झाल्या की त्याच्याकडून दोन किलो पेरू घेतले. "बघितलंत? कोणी खात नाही आपल्याला. उलट मान वळवून दाखवतात." आणि तिथेच पायरीवर बसून त्यांनी मला ते वाक्य सांगितलं, जे पुढे त्यांच्या तोंडी कायमचं बसलं. "भीती पिशवीत तळाशी घालायची भाऊजी, आणि वर दशम्या ठेवायच्या. आधी दशम्याच हाताला लागतात."

तीन महिन्यांनी त्यांनी पुरीची तिकिटं काढून आणली. सकाळची गाडी, दुसऱ्या दिवशी दुपारी पुरी. दशमी मुरायला पुरेसा वेळ. सगळी गल्ली निरोपाला आली. मंदाताईंच्या हातावर कुणीकुणी मिळून पाच वेळा दही दिलं. शर्माजी म्हणाले, "नाना, सँभाल के ले जाना इनको." मी म्हणालो, "मैं हूँ ना."

भोपाळपर्यंत मी ठीक होतो. मंदाताई खिडकीतून दिसेल ते मोठ्यानं वाचत होत्या, स्टेशनांची नावं, दुकानांच्या पाट्या. भोपाळ सुटल्यावर तिकीट तपासनीस आला. "टिकट दिखाइए." आणि माझा हात आपोआप डावीकडे गेला. डावीकडे सुधाची पर्स असायची. तिथे रिकामी सीट होती. एवढंच झालं. तिकिटं माझ्या खिशात होती, मी ती दाखवलीसुद्धा. पण त्यानंतर वाटत राहिलं, ही गाडी मला कुठेतरी नेऊन टाकणार आणि मला तिथून घर सापडणार नाही.

इटारसीला मी म्हणालो, "पाणी घेऊन येतो."

"आहे की पाणी," मंदाताई म्हणाल्या.

"गार आणतो."

मी रिकामी बाटली घेऊन उतरलो आणि पुस्तकांच्या स्टॉलमागे जाऊन उभा राहिलो. गाडी सुटली तेव्हा आमचा डबा माझ्यापासून फार तर दहा पावलांवर होता. मी हललो नाही. खिडकीतून मंदाताईंचं डोकं बाहेर आलेलं, इकडे तिकडे बघणारं, मला दिसलं. मग गाडी वळणाआड गेली. माझा फोन वाजला. वाजत राहिला. मी तो खिशात तसाच वाजू दिला.

किती तास गेले कोण जाणे. मी बाकावर बसलो होतो. उन्हं उतरत होती. आणि अचानक डोक्यावरचा भोंगा बोलायला लागला.

"उज्जैन, माधव नगर से आए श्री नारायण तारे, सफ़ेद क़मीज़, हाथ में खाली बोतल, जहाँ कहीं भी हों, पूछताछ खिड़की के पास आ जाएँ. मंदाताई आपकी राह देख रही हैं."

मी उठलो आणि गेलो. खिडकीपाशी मंदाताई उभ्या होत्या. दोन पिशव्या, एक बॅग, पाण्याची कॅन, छत्री आणि विस्कटलेला अंबाडा. मला वाटलं, आता ही बाई रडणार, नाही तर मला बोलणार. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"सापडलात! माझ्या वेळी आईनं फटका दिला होता. तुम्हाला दशमी देते. या, बसा."

आम्ही बाकावर बसलो. आणि त्या सांगायला लागल्या. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "अहो भाऊजी, काय झालं माहितीये? तुम्ही येईनात, फोन उचलेनात. पुढचं स्टेशन बैतूल. मधे घाट, बोगदे, अंधार! मी पोट धरून बसले. मग म्हटलं, मंदा, पोट नंतर दुखव, आधी माणूस शोध. बैतूलला सगळं सामान घेऊन उतरले. एकटी. पूल चढले, पूल उतरले, पलीकडे गेले. चौघांना विचारलं, इटारसी की गाड़ी कौन सी. तिघांनी बरोबर सांगितलं, एकानं चूक. आणि चूक कुणी सांगितलं तेही मला कळलं! जनरलच्या डब्यात चढले. एका कॉलेजातल्या मुलीनं जागा दिली, तिला पेरूचा जॅम दिला. इथे आले तर तो अनाउन्समेंटवाला ऐकेना. म्हणाला, बच्चा खो गया क्या? म्हटलं, हाँ. कितने साल का? म्हटलं, उनहत्तर."

आणि त्या हसायला लागल्या. इटारसीच्या त्या बाकावर त्या इतक्या हसल्या की शेजारचा फौजी पण हसायला लागला. मीही हसलो. मी का उतरलो, हे त्यांनी विचारलं नाही. इतक्या वेळानंतरही बाटली रिकामीच असणार हे त्यांनी भोंग्यावरून साऱ्या स्टेशनला सांगितलं होतं, म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं.

दशमी खाऊन झाल्यावर म्हणाल्या, "आज पहिलाच दिवस. हिचा काही निकाल लागत नाही. चला, परत जाऊ. पुरी काही पळून जात नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गल्लीत शिरलो. शर्माजी दुधाची बरणी घेऊन समोर. "अरे नाना! पुरी से इतनी जल्दी?"

मंदाताई तोंड उघडणार तेवढ्यात मी बोललो. "मंदाताई घबरा गईं. इटारसी से लौटना पड़ा."

मंदाताईंनी हातातली बॅग खाली ठेवली. मग कमरेची किल्ली शोधत म्हणाल्या, "हाँ भाई साहब. पेट में गोला आ गया था."

मला तेव्हाच त्यांच्या मागे जाऊन माफी मागायला हवी होती. मी घरी जाऊन झोपलो. आणि पुढे कोजागिरीला, दूध पिताना, कुणीतरी म्हणालं, "नाना, ती इटारसीची गंमत सांगा." मी सांगितली. पोटावर हात ठेवून, डोळे मिटून, मंदाताईंची नक्कल करून सांगितली. लोक लोळले. मंदाताई पहिल्या रांगेत होत्या. त्याही हसल्या, दूध नाकात गेलं इतक्या. 'इटारसी करणे' त्या दिवशी जन्माला आलं.

दुसऱ्या दिवशी त्या आदल्या रात्रीचं पातेलं परत द्यायला आल्या. उंबऱ्यात उभं राहून म्हणाल्या, "भाऊजी, गोष्ट झकास सांगितलीत. पण एक राहिलं. बैतूलचं नाही सांगितलंत."

"काय?"

"बैतूलचं. पुलाचं. तेच तर चांगलं होतं त्यात."

त्यांनी पातेलं माझ्या हातात दिलं. मी कसंबसं विचारलं, "तुम्ही खरं का नाही सांगितलंत लोकांना?"

"अहो, भोंग्यावर नाव वाजलं की कसं होतं ते मला माहितीये. मला सवय आहे, तुमचं पहिल्यांदाच वाजलं होतं." आणि त्या गेल्या.

पुढच्याच महिन्यात त्या पुरीला गेल्या. एकट्या. कुणाला न सांगता, फक्त माझ्याकडे प्रस्थान ठेवून. आठ दिवसांनी मला पोस्टकार्ड आलं. त्यावर समुद्राचा उल्लेख नव्हता.

'भाऊजी, दुसऱ्या दिवशी, पुरीला दोन तास असताना खाल्ली. मधे मऊ, कडेला वातड. तीस वर्षं सगळी गल्ली माझ्याशी खोटं बोलली. तूप वाढवायला हवं. मी मजेत. — मंदा.'

मी ते कार्ड वाचून हसलो आणि मग कितीतरी वेळ हातात धरून बसलो.

त्यानंतर मंदाताईंना कुणी धरू शकलं नाही. अमृतसर झालं, मदुराई झालं, आसाम झालं. परत आल्या की बाकावर बसून त्या काय बघितलं ते सांगायच्या नाहीत, कोणती परकी गोष्ट केली ते सांगायच्या. मदुराईला रिक्षावाल्याशी तमिळमध्ये भाव केला. अमृतसरला लंगरात तीन तास पोळ्या लाटल्या, 'त्यांच्या पोळ्या मोठ्या असतात, पण कड बघण्यासारखी.' आसामला चुकीच्या बसमध्ये बसल्या आणि शेवटपर्यंत गेल्या, 'कारण शेवटी काय आहे ते बघायचं होतं. शेवटी एक चहाचं दुकान होतं. चांगलं होतं.'

आणि या सगळ्याचं श्रेय मला मिळालं. गल्लीचं म्हणणं पडलं, भित्र्या मंदाताईंना नानांनी तयार केलं. गणेशोत्सवात माझा सत्कार ठरला. शाल, नारळ आणि भाषण. मी स्टेजवर उभा होतो, शाल खांद्यावर पडली, आणि मी म्हणू शकलो असतो. माईक हातात होता. मी म्हणालो, "सगळं महाकालाच्या कृपेनं." मंदाताई टाळ्या वाजवत होत्या, हात डोक्यावर नेऊन.

उलट खरं काय घडत होतं ते फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. दर आठवड्याला त्या मला घेऊन निघत. लोकांना सांगत, "नानांना सोबतीला नेते." नानाखेड्यावर चहा. मग सुटायच्या आत उतरायची बस. मग देवास. एकदा देवासला त्यांनी मला एकट्याला बसमधून पाठवलं आणि स्वतः मागच्या बसनं आल्या. स्टँडवर उतरून बघतात तर मी बाकावर बसून पेरू खात होतो. त्यांनी छत्री खांद्यावर घेतली, तलवारीसारखी. मला त्यांनी एकदाही विचारलं नाही की तुम्हाला कसली भीती वाटते. फक्त एकदा म्हणाल्या, "डावीकडे हात जातो ना? जाऊ दे. तिकडे पाण्याची बाटली ठेवा. हाताला काहीतरी लागायला हवं."

माफी मागायचा मी प्रयत्न केला नाही असं नाही. नानाखेड्याच्या चहाच्या टपरीवर एकदा सुरुवात केली, "मंदाताई, ती इटारसीची गोष्ट..." त्या म्हणाल्या, "चहा गार होतोय." बसमध्ये एकदा केली, तर त्या झोपल्या होत्या. किंवा डोळे मिटून होत्या. शेवटी मी ठरवलं, बेंगळुरूला एकटा जायचं, आणि जायच्या आधी त्यांना सांगायचं. तिकीट काढलं. शेखरला कळवलं.

माझा मुहूर्त निघाला गेल्या वर्षीच्या नेमक्या त्याच सकाळी, ज्या सकाळी मंदाताई गल्लीतल्या तीन बायकांना घेऊन पुरीला निघाल्या होत्या. माझी गाडी आठ दिवसांनी होती. मी पहाटेच प्रस्थानाची पिशवी त्यांच्या बाकावर नेऊन ठेवली. त्या म्हणाल्या, "आठ दिवस? शास्त्रात राजाला दहा दिवस चालतात म्हणे. तुम्ही मॅनेजर होतात, चालेल. मी मधे रायपूरला भाचीकडे थांबून तुमच्या गाडीच्या आत येते. मग दशम्या याच पिशवीत घालून देते." पिशवीत सुपारी होती, हळकुंड, तांदूळ, माझी एक बंडी. आणि एक घडी केलेला कागद. तोंडानं जमत नव्हतं म्हणून मी लिहून ठेवलं होतं. गाठ सोडतील तेव्हा हातात पडेल, असा हिशेब.

स्टेशनवर मी निरोपाला गेलो. तिघींपैकी शर्मा भाभी आयुष्यात पहिल्यांदा गाडीत बसत होत्या. डब्याच्या दारात त्यांचे पाय अडले. "नहीं मंदा दीदी, मेरे से नहीं होगा. मैं घर जा रही."

मंदाताईंनी वरून हात पुढे केला. "इटारसी तक तो चलो भाभी. वहाँ से लौटना हो तो मैं खुद ले आऊँगी. रास्ता मुझे आता है."

आणि भाभींच्या डोक्यावरून माझ्याकडे बघून त्यांनी डोळा मारला. पंचाहत्तर वर्षांच्या बाईनं. भाभी चढल्या. गाडी हलली. मंदाताई खिडकीत आल्या, पायात तेच कॅनव्हासचे बूट असणार, आणि ओरडून म्हणाल्या, "भाऊजी, पिशवी कुरकुरते तुमची! कागद आहे का आत?"

"आल्यावर सोडा आणि बघा!"

"आल्यावर सोडते!" त्या म्हणाल्या, आणि छत्री खिडकीबाहेर काढून हलवत गेल्या.

तिघीजणी पुरी पाहून परत आल्या, शर्मा भाभी तर शिंपल्यांची पिशवी घेऊन. मंदाताई ठरल्याप्रमाणे रायपूरला उतरल्या. तिथे दोन दिवसांनी, दुपारी, भाचीला दशमीची कणीक कशी भिजवायची ते दाखवून त्या खुर्चीत बसल्या आणि बसल्याच.

मी माझं तिकीट रद्द केलं. दीड महिन्यानं भाची घर उघडायला आली. तिचं नाव वासंती. तिनं मला बोलावलं. बाकावर माझी पिशवी होती. तिच्यावर गोल अक्षरातला कागद टाचणीनं लावलेला. 'भाऊजींचं प्रस्थान. घरी परत न्यायचं नाही.' गाठ मी मारली होती तशीच होती.

मी तिथेच त्या बाकावर बसलो. मग वासंतीला म्हणालो, "मला दशम्या करून देशील? मला बेंगळुरूला जायचंय."

तिनं केल्या. चौथ्या दिवशी मी त्यांच्याच दारातून पिशवी उचलली आणि निघालो. भोपाळला गाडी बदलली, एकानं बरोबर सांगितलं, एकानं चूक. इटारसीला खाली उतरलो, पुस्तकांच्या स्टॉलसमोर उभा राहिलो, बाटली गार पाण्यानं भरली आणि शिटी व्हायच्या आत परत चढलो. मग बैतूल आलं. पूल खिडकीतून दिसला. तो लांब आहे, पायऱ्या उंच आहेत. दोन पिशव्या, बॅग, कॅन आणि छत्री घेऊन चढायला तर फारच उंच.

दशमी मी दुसऱ्या दिवशी खाल्ली. मधे मऊ, कडेलाही मऊ. तूप वाढवलेलं होतं.

खाऊन झाल्यावर मी पिशवीची गाठ सोडली. त्यांच्यासाठी लिहिलेला कागद माझा मलाच मिळाला. तो जसाच्या तसा इथे देतो. गल्लीतल्या सगळ्यांनी वाचावा.

'मंदाताई, इटारसीला घाबरलो होतो मी. पाणी आणायला नाही, पळून जायला उतरलो होतो. बैतूलला तुम्ही एकट्या उतरलात, पूल चढलात, उतरलात आणि मला शोधायला परत आलात. त्या दिवशी सगळ्यांत मोठा प्रवास तुम्ही केलात आणि तो मी कुणालाच सांगितला नाही. मला क्षमा करा.'